वामन मास्तरांचं वेल्डिंग मशीन

एका जंगलात, म्हणजे तुमच्या-माझ्या घरामागे सुरू होतं तशाच एका जंगलात, वामन मास्तर नावाचं एक अस्वल राहत होतं. नाव वामन, पण दारातून आत शिरायचं तर आधी एक खांदा, मग पोट, मग दुसरा खांदा अशी तीन हप्त्यांत एन्ट्री. असो. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव, आपण कशाला बोला?

मुलांनो, नीट बसा. चुळबुळ नको. ही गोष्ट बोधप्रद आहे आणि बोध शेवटी आहे. मध्येच उठून गेलात तर नुसती करमणूकच पदरात पडेल, मग मला बोल लावू नका.

तर मास्तरांनी जंगलातल्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातही 'वीज' हा धडा त्यांच्या हातखंड्याचा. हा धडा ते इतका रंगवून शिकवत की पहिल्या बाकावरचे ससे शॉक बसल्यासारखे उडत. शाळेत वीज नव्हती, त्यामुळे शिकवण्यात कसलाच अडथळा येत नसे.

निवृत्त झाल्यावरही मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक टेस्टर असे. त्या टेस्टरनं ते पाठ खाजवत, डब्याचं घट्ट झाकण उघडत, आणि वादात समोरच्याकडे तो रोखून धरत. वीज तपासताना मात्र त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. मी त्यांची टिंगल करतोय असं समजू नका. टेस्टर माझ्याही खिशात आहे, आणि ही गोष्ट सांगायला बसण्यापूर्वी मी त्यानं लोणच्याची बरणी उघडली.

मास्तरांची लेक वृंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. गुहेत आनंदीआनंद झाला. मास्तरांच्या बायकोनं, यमुताईंनी, माळ्यावरचा लोखंडी पाळणा खाली काढला. पाहतात तो काय, पाळण्याच्या स्टँडचा एक पाय खोबणीतून निघून मधोमध मोडलेला. वर्षानुवर्षांच्या गंजानं खाऊन टाकला होता.

"अहो, बाराव्या दिवशी बारसं आहे," यमुताई म्हणाल्या. "नदीकाठच्या हैबती मिस्त्रींकडे एवढा पाय घेऊन जा. चहा होईतो जोडून देतील."

"बारशाला माझी नात याच पाळण्यात झोपेल," मास्तरांनी वृंदाला सांगितलं. "हा माझा शब्द."

आणि चौथ्या दिवशी सकाळी पाळण्याचा मोडका पाय काखेत मारून मास्तर निघाले.

हैबती मिस्त्री म्हणजे एक म्हातारं कासव. चाळीस वर्षं वेल्डिंग करत आलेलं. जंगलातली निम्मी फाटकं, खिडक्यांचे गज आणि नांगरांचे फाळ त्यांच्या हातचे. पण आता डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती, म्हणून मिस्त्री धंदा आटोपता घेत होते.

मास्तर पोचले तेव्हा मिस्त्री एका रेड्याच्या विळ्याचं पातं जोडत होते. डोळ्यांपुढे काळी काच धरली, रॉड टेकवला, चर्रर्र आवाज झाला, निळा उजेड पडला आणि काम फत्ते. रेडा पातं घेऊन निघूनही गेला.

मास्तर बघतच राहिले. एवढंच? हे तर आपण एकतीस वर्षं फळ्यावर काढत आलोय. फक्त आवाज काढला नव्हता.

"द्या मास्तर तो पाय," मिस्त्री म्हणाले. "आत्ता जोडून देतो."

मास्तरांनी पाय पाठीमागे लपवला. "पाय राहू दे मिस्त्री. हे मशीन विकताय का?"

"विकायचं तर हायच. किरकोळ कामाला मला धाकटं मशीन बास. पर तुमचा पाय..."

"पायाचं मी बघतो. मशीन सांगा."

मुलांनो, इथं जरा थांबू या. दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत करून मिळत असताना मास्तरांनी ते नाकारलं. का? कारण मिस्त्रींनी जोडला असता तर तो पाय मिस्त्रींनी जोडलेला पाय झाला असता. माझ्या घरात एक स्वतः दुरुस्त केलेला पंखा आहे. तो फिरत नाही, पण मी तो कोणाला हात लावू देत नाही. त्यामुळे मास्तरांचं मला कळतं.

मशीन जुनं होतं, जड होतं, आतलं वाइंडिंग अस्सल तांब्याचं होतं. मिस्त्रींनी मास्तरांच्या देखत पुन्हा एकदा ते चालवून दाखवलं. सौदा झाला. केवढ्याला, ते विचारू नका. मास्तरांनी खरा आकडा यमुताईंनाही सांगितलेला नाही.

"घरी पावरचा पॉइंट हाय न्हवं?" मिस्त्रींनी विचारलं. "न्हाईतर मी येतो की. एकदा जोडून दावतो, मंग तुमचं तुमी करा."

"पॉइंट आहे का म्हणजे काय? पंधरा अँपिअरचा आहे, ओसरीवर!" मास्तर हसले. "आणि तुम्ही कुठे येताय मिस्त्री? तुम्ही पोचेपर्यंत माझी नात चालायला लागेल."

मिस्त्रीही हसले. गरीब स्वभाव. मास्तरांनी एका खांद्यावर मशीन घेतलं, काखेत पाळण्याचा मोडका पाय घेतला आणि दुपारपर्यंत घर गाठलं. पाय जसा गेला होता तसाच परत आला, एवढं यमुताईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"बाबा, तुम्हाला वेल्डिंग येतं?" वृंदानं विचारलं.

"एकतीस वर्षं शिकवलंय."

"वेल्डिंग?"

"वीज. वेल्डिंग म्हणजे वीजच. फक्त जरा रागावलेली."

आता त्या ओसरीवरच्या पॉइंटबद्दल सांगितलं पाहिजे. मास्तरांच्या गुहेत ओसरीच्या भिंतीवर एक मोठा पांढरा बोर्ड होता. पंधरा अँपिअरचा पॉवर पॉइंट. जाडजूड बटण, मोठी मोठी भोकं. घर बांधलं तेव्हापासून तो तिथं होता. एवढी वीज खाणारी वस्तूच घरात नसल्यामुळे त्याचा उपयोग कधी झाला नव्हता, पण मान मोठा होता. दर खंडेनवमीला कोयता, विळी, शिवणयंत्र आणि सायकल यांच्या जोडीला पॉइंटचीही पूजा होई. त्याला हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल अडकवलं जाई, आणि मास्तर त्याला मनापासून हात जोडत. तीस दसरे असे गेले. भोकांच्या कडांना कुंकवाची लाल किनार आली होती.

पाचव्या दिवशी मशीन त्या पॉइंटखाली ठेवलं गेलं. यमुताईंनी मशीनवर स्वस्तिक काढलं आणि समोर नारळ फोडला. गुहेभोवतीची सगळी जांभूळ आळी बघायला जमली. मास्तरांनी पिन खुपसली, काळी काच डोळ्यांवर धरली आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

काळ्या काचेमागून मास्तरांना हे लगेच दिसलं नाही. ते रॉड पाळण्याच्या पायावर घासत राहिले. सर्दावलेल्या आगपेटीवर काडी घासावी तसा.

"सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," यमुताई म्हणाल्या.

मास्तरांनी काच काढली. बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग मशीनला हलकी चापट मारली. मग जोरात मारली. शास्त्रात याला प्राथमिक तपासणी म्हणतात.

"फ्यूज उडाला असेल," गर्दीतून कोणी तरी म्हणालं. घरचा फ्यूज पाहिला. तो ठणठणीत होता.

"म्हणजे दोष मशीनमध्ये आहे," मास्तरांनी निदान केलं. "यमे, तू नारळ फोडलास तेव्हा पाणी आत गेलं."

"मी नारळ हातभर लांब फोडला," यमुताई म्हणाल्या. "आणि मी काय म्हणते, तो पॉइंट आपण कधी वापरलाय का? एकदा तोच बघा ना."

"वापरला नाही म्हणूनच तो नवा कोरा आहे. जी वस्तू कधी वापरलीच नाही ती बिघडेल कशी?"

यमुताई फुटका नारळ उचलून आत गेल्या. याला उत्तर तुमच्याकडे आहे? माझ्याकडेही नाही.

सहाव्या दिवशी मशीन उन्हात वाळत घातलं. शेजारी यमुताईंनी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसाठी खारका वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी खारका कडक झाल्या. मशीन मात्र होतं तसंच राहिलं.

सातव्या दिवशी शेजारचे नाना कोल्हे आले. नाना पूर्वी वीज मंडळात होते. तिथे ते आलेल्या पत्रांवर शिक्का मारत, पण बावीस वर्षं शिक्के मारले की माणसाला, म्हणजे कोल्ह्याला, आतलं सगळं कळायला लागतं.

नानांनी मशीनभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, नाक लावून वास घेतला आणि म्हणाले, "व्होल्टेज."

"व्होल्टेजचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"तेच तर."

दोघांनी बराच वेळ माना हलवल्या. मास्तरांना मनातून 'म्हणजे काय' असं विचारावंसं वाटत होतं. पण विज्ञानाच्या मास्तरानं शिक्के मारणाऱ्याला विचारायचं? आणि नानांना वाटत होतं, मास्तर आता काही विचारतील तर आपली पंचाईत होईल. दोघेही एकमेकांवर मेहेरबानी करून गप्प बसले.

"पॉइंट तर मजबूत आहे," निघताना नाना म्हणाले. "आमच्याकडे अगदी हाच आहे."

"मग प्रश्नच नाही," मास्तर म्हणाले.

आठव्या दिवशी दिनकर माकड आलं. हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. आता बाजारात रेडिओ आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्यानं आधी वाकून नमस्कार केला, मग मशीनचं कव्हर खोललं. आठ स्क्रू निघाले. मग आतलं बटण काढलं. मग बटणामागची वायर कापली. मग त्या वायरीचं दुसरं टोक कुठे जातं ते पाहण्यासाठी आणखी दोन वायरी कापल्या.

"दिनकर, काय करतोयस?"

"सर, तुम्हीच शिकवलंय. दोष सापडेपर्यंत एकेक भाग वेगळा करत जायचा."

मास्तरांना आठवेना की आपण असं कधी शिकवलं. पण वाक्य ऐकायला चांगलं होतं, म्हणून ते आपलंच असावं असं त्यांनी मानलं. दुपारपर्यंत ओसरीवर मशीन नव्हतं, मशीनचं साहित्य होतं.

दिनकरनं घाम पुसला. "सर, मला तर सगळं चांगलं दिसतंय."

"म्हणजे दोष दिसत नाही इतका खोल आहे," मास्तर म्हणाले. "यात फसवणूक आहे."

मुलांनो, हा शब्द त्यांच्या तोंडून कसा निघाला ते त्यांनाही कळलं नाही. पण निघाला, आणि निघाल्याबरोबर त्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चार दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणी तरी उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवला. त्यांनी लगेच कावळ्याला बोलावलं. "हैबती मिस्त्रींना निरोप दे. म्हणावं, मशीन बंद निघालं. या वयात मास्तराला फसवलंत, हे बरं केलं नाहीत."

"अहो, त्यांनी तुमच्यासमोर चालवून दाखवलं होतं ना?" यमुताई म्हणाल्या.

"तीच तर फसवणूक!"

कावळ्यानं निरोप पोचवला. मिस्त्रींना सर्वांत शेवटी पोचवला. वाटेत विहिरीवर, बाजारात, पारावर, ज्याला त्याला ऐकवत गेला. संध्याकाळपर्यंत साऱ्या जंगलाला कळलं की हैबती मिस्त्री लबाड निघाले.

नववा दिवस गेला. दहावा गेला. मोडका पाय तसाच, पाळणा भिंतीला टेकलेला. अकराव्या दिवशी दुपारी वृंदा मुलीला मांडीवर थोपटत म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. आपण आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधू. तिला काय कळतंय?"

लेक समजूतदारपणे बोलली. पण मास्तरांना ते आत कुठे तरी टोचलं. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ही लेक लहानपणी सगळ्यांना सांगत हिंडायची, आमच्या बाबांना सगळं येतं. आता तिनं त्यांना सांभाळून घेतलं होतं. मास्तर ओसरीवर जाऊन त्या सुट्या भागांच्या ढिगाशेजारी बसून राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि एवढ्या मोठ्या देहाला रडू आलं की ते लपवायला जागा पुरत नाही.

तेवढ्यात यमुताई मिक्सर घेऊन आल्या. उद्याच्या बारशाला पन्नास पानं होती. स्वयंपाकघरात आळीतल्या बायकांची दाटी, म्हणून ओल्या खोबऱ्याचं वाटण त्यांनी ओसरीवर आणलं. ओसरीच्या पॉइंटमध्ये मिक्सरची पिन खुपसली आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

"मेला हाही बिघडला," यमुताई म्हणाल्या, आणि मिक्सर उचलून पुन्हा आत गेल्या. दुसऱ्या क्षणी आतून मिक्सरची घरघर ऐकू आली. वाटण झकास झालं.

मास्तर उठले. खिशातला टेस्टर काढला. एकतीस वर्षं शिकवलं तसा धरला, आणि भोकातलं कुंकू खरवडून आत घातला. टेस्टरचा दिवा लागला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. बोर्डाचे स्क्रू काढले आणि बोर्ड पुढे ओढला.

मागच्या खोबणीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. थरावर थर, जुनं, कडक झालेलं. बाकी काही नव्हतं. वायर नव्हती.

मग मास्तरांना आठवलं. घर बांधताना वायरमन खार विचारत होती, "मास्तर, पॉवरची वायर वेगळी ओढावी लागेल. दोन दिवस जातील. ओढू का?" आणि मास्तर म्हणाले होते, "वायरचं पुढे बघू. सध्या नुसता बोर्ड लाव. शेजारी कोल्ह्याकडे आहे, आपल्या ओसरीवर नको का?" ते 'पुढे' तीस वर्षं पुढेच राहिलं होतं. मास्तरांनी तीस दसरे मातीच्या घराची पूजा केली होती.

ते मटकन खाली बसले. मशीन चांगलं होतं. मिस्त्री खरे होते. फसवणूक झाली होती, पण ती स्वतः मास्तरांनी, स्वतःच्या भिंतीवर, स्क्रू मारून लावली होती.

यमुताई बाहेर आल्या. त्यांनी उघडा बोर्ड पाहिला, नवरा पाहिला. "सांगा सगळ्यांना," एवढंच म्हणाल्या, आणि झोळीसाठी लुगडं काढायला आत गेल्या.

बाराव्या दिवशी बारशाला आळी लोटली. बायका कुंच्या नि बाळलेणी घेऊन आल्या, पुरुष ओसरीवर बसून घुगऱ्या खात होते. नाना कोल्हे मध्यभागी. त्यांच्याशेजारी दिनकर. आणि इतक्यात अंगणात हैबती मिस्त्री आले.

निरोप मिळाल्या क्षणापासून ते चालत होते. चार दिवस, न थांबता. पाठीवर धूळ, पाय फुटलेले.  कोणी 'या' म्हणालं नाही.

मिस्त्रींनी मान कवचात निम्मी आत ओढून घेतली. "मास्तर," ते म्हणाले, "चाळीस वर्सांत कुणी असं म्हनलं न्हवतं. माझे डोळे गेल्यात, काय तरी माझ्याच हातनं ऱ्हायलं आसंल. मला बगू द्या. न्हाईच झालं तर मशीन माघारी न्हेतो. फकस्त लबाड म्हनू नगा."

वामन मास्तर उभे राहिले.  आयुष्यात त्यांनी हजारो वाक्यं मोठ्यानं म्हटली होती, पण हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं.

"मिस्त्री, तुमची काही चूक नाही. माझी आहे. माझ्या पॉइंटला वायरच नाही. घर बांधताना मीच नको म्हणालो होतो. मशीन चांगलं होतं. ते मी बिघडवलं आणि तुम्हाला खोटं पाडलं."

 मग नाना कोल्ह्यांनी डोळे पुसले.

"याला म्हणतात मोठं मन!" नाना म्हणाले. "फसवणारा दारात आला, तर त्याला लाज वाटू नये म्हणून सगळा दोष स्वतःवर घेतला!"

"वा, वा!" सगळे म्हणाले.

"अहो, मन कसलं मोठं? हे खरं आहे!" मास्तर ओरडले. त्यांनी बोर्ड पुढे ओढून दाखवला. "बघा! आहे का वायर?"

दिनकरनं आत डोकावून पाहिलं. त्यानं पुन्हा वाकून नमस्कार केला. "सर... यांना वाचवायला तुम्ही रात्रीतून वायरसुद्धा काढून टाकलीत?"

"वायर नव्हतीच!" आता यमुताई पुढे आल्या. "मी तेव्हा इथं उभी होते."

"वहिनी नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेल्या नाहीत," नाना सद्गदित होऊन म्हणाले.

मिस्त्री मात्र बोर्डाजवळ गेले होते. डोळे अधू, म्हणून त्यांनी हातानं चाचपून पाहिलं. मातीच्या घरावरून बोटं फिरवली. मग ते वळले.

"मास्तर खरं सांगत्यात," मिस्त्री म्हणाले. "आणि मशीन मी आत्ता बसवतो. धा मिन्टांत पाळना जोडून देतो. शेजारी कुनाच्या पॉइंटावरनं लाइन द्या फकस्त."

मुलांनो, ओसरीवर जांभूळ आळीतली सात कुटुंबं बसली होती. सात ओसऱ्यांवर सात पॉवर पॉइंट होते. सातांनाही खंडेनवमीला झेंडूचं फूल लागत असे. कोणी तरी पटकन हात वर करायला हवा होता.

कोणी केला नाही.

आळीतला रेडा घुगऱ्या मोजू लागला. दिनकरला दुकान उघडं राहिल्याचं आठवलं. "नाना," मास्तर म्हणाले, "तुमच्याकडे तर अगदी हाच आहे ना?"

"आहे ना! अगदी हाच!" नाना कोल्हे म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो, आणि ते घाईघाईनं उभे राहिले. "पण आज शुभ दिवशी ठिणग्या कशाला उडवायच्या? बाळ घाबरेल. बारसं उरकू या."

"हो, हो, बारसं उरकू या," सगळे एका सुरात म्हणाले.

मास्तरांना तेव्हा कळलं की आपण खरं बोललो ते कोणाला का पटलं नाही. पटवून घेतलं असतं तर प्रत्येकाला घरी जाऊन आपापला बोर्ड खोलावा लागला असता.

आत लुगड्याची झोळी बांधली होती. बायकांनी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' केलं, आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे बसले. मुलीचं नाव सरोज ठेवलं. ती झोळीत गाढ झोपली होती. पाळणा कोपऱ्यात तीन पायांवर कलंडलेला होता आणि वृंदा त्याच्याकडे न बघण्याची काळजी घेत होती.

मिस्त्री निघाले तेव्हा मास्तर त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. "मिस्त्री, मी सगळ्या जंगलात फिरून सांगेन. घरोघर जाऊन सांगेन."

"सांगा की," मिस्त्री म्हणाले. "पर मास्तर, आजच बगितलं न्हवं? तुमी जितकं सांगाल तितके तुमीच मोठे व्हाल. माझं हाय तितंच ऱ्हाईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकायला फार कठीण गेलं. पाळण्याचा मोडका पाय त्यांनी स्वतःहून पाठीवर घेतला. "हा जोडून धाडतो," म्हणाले, आणि नदीच्या वाटेला लागले.

मास्तर शब्दाला जागले. तो महिनाभर ते दारोदार हिंडले. प्रत्येक घरी त्यांनी खरं सांगितलं, प्रत्येक घरी लोकांनी डोळे पुसले आणि चहा दिला. मिस्त्रींकडे मात्र नंतर कोणी गिऱ्हाईक फिरकलं नाही. महिन्याच्या शेवटी पारावर सभा भरली. नाना कोल्हे अध्यक्ष होते. 'परक्याचा दोष पोटात घालणारे' म्हणून वामन मास्तरांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. मास्तर बोलायला उभे राहिले. त्यांनी ठरवलं होतं की आज शेवटचं, सगळ्यांसमोर, अगदी ठणकावून सांगायचं.

समोर पाहिलं तर सगळं जंगल टाळ्या वाजवत होतं. पहिल्या रांगेत वृंदा बसली होती, मांडीवर सरोजला घेऊन. शेजारच्या बाईला ती अभिमानानं सांगत होती, "आमचे बाबा." कितीतरी वर्षांनी ती तसं म्हणत होती.

मास्तरांनी खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाले, "मी काय बोलणार? आपलं प्रेम आहे." आणि खाली बसले.

दिवस उन्हाळ्याचे होते, तरी शाल त्यांनी घरी पोचेपर्यंत काढली नाही.

तात्पर्य : मुलांनो, खरं बोलायला कधीही भिऊ नये. त्याआधी थोडी प्रतिष्ठा कमावून ठेवलेली असली, म्हणजे त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.